एक लाख ऐंशी हजार पेसो

सकाळी गेले तर बेलार्मिनोने परत पाठवलं.
"संध्याकाळी ये, दिवसभर उभी राहून.
ताजे पाय खोटं बोलतात."

म्हणून आले साडेसहाला,
कुंपणाचे नऊ खांब रोवून, नखांत तारेचा गंज,
कोयाइकेच्या वाऱ्याने कान बधिर,
आणि पाय असे फुगलेले
की जुने बूट सालीसारखे सोलावे लागले.

ते त्याने आधी मागून घेतले.
माझ्या चेहऱ्याकडे न बघता टाच बघितली.
"खांब उजव्या खांद्यावर नेतेस, ओर्मिल्दा.
आणि उतारावर घाई करतेस."
चार वर्षं माझ्यासोबत एका छपराखाली राहिलेल्या माणसाला
एवढं कळलं नव्हतं माझ्याबद्दल.

बूट बाजारातले, तीस हजारांचे.
दर मे महिन्यात नवे, ऑगस्टपर्यंत फाटके.
तळ पुठ्ठ्यासारखा उकलतो,
दलदलीचं पाणी बोटांशी येऊन बसतं
आगंतुक पाहुण्यासारखं, उठायचं नाव नाही.
हिशेब मी घरीच केला होता,
पिठाच्या रिकाम्या पिशवीवर, पेन्सिलने.
सहा हिवाळे, सहा जोड. सहा त्रिक अठरा.
म्हणजे पैसे तर मी कधीच मोजून झाले होते,
फक्त बूट मिळाले नव्हते.
एकरकमी असतात कुणाकडे?
आमच्यासारख्यांना हप्त्याहप्त्यानेच
भिजावं लागतं.

त्याने फळीवरून तीन जोड काढले.
पहिला चकाकत होता. त्याने अंगठा दाबला,
सुरकुती उठली नाही, नुसता खळगा.
"रंगाचा थर. खाली काय मेलंय, देव जाणे."
दुसरा मऊ, घालताक्षणी आपलासा.
"पहिल्याच दिवशी लाडात येतो,
तो पावसात ओळख दाखवत नाही."
तिसरा काळसर तपकिरी, डाव्या घोट्याशी ओरखडा.
"काटेरी तार. ही गाय जगलेली आहे."
वाकवला, बारीक सुरकुत्या आल्या,
सोडला, गेल्या.
तळाच्या कडेने टाके, मेणाच्या दोऱ्याचे.
"मोज."
अंगठ्याएवढ्या रुंदीत सहा.
"हे उसवता येतात. सगळी किंमत त्याचीच आहे.
चिकटवलेलं एकदाच सुटतं."

पायात घातला. टाच धरून बसली, बोटं मोकळी.
चावणार, हे त्याने आधीच कबूल केलं,
तीन आठवडे, दोन-दोन मोजे,
आणि शिव्या हव्या तेवढ्या.
रात्री मेंढीची चरबी चोळायची.
ओले झाले तर चुलीपासून लांब सुकवायचे,
नाहीतर पुन्हा तोंड दाखवू नकोस.

नोटा मोजल्या. दोनदा.
एक दुसरीला चिकटली होती,
क्षणभर कमी पडले, मग पुरले.
तेव्हा विचारलं, खरं तर सर्वांत आधी विचारायचं ते:
तळ किती वर्षं?
"तुझ्या चालीने आठ."
मग नवा तूच शिवून देणार ना?

आरी त्याने मेणाच्या गोळ्यात टोचून ठेवली.
बोटांवर मोजू लागला, करंगळीपासून,
अंगठ्याशी थांबला.
मागे भिंतीवर लाकडी कलबुतांची रांग,
प्रत्येकावर खडूने नाव,
त्यातली निम्मी पावलं टेकडीवरच्या दफनभूमीत.
मुलगा सांतियागोला, बँकेत,
वर्षाला दोन जोड घेतो म्हणे, चकाकते.
दुकानात मदतीला एक मांजर.

"आठ वर्षांनी मी सत्त्याऐंशीचा,"
तो म्हणाला, आणि लोंबणारा एक दोरा
दातांनी तोडला. दात सगळे शाबूत.
जोड माझ्या हातात दिला, जड.
"जरा लवकर झिजव."

बाहेर वारा तसाच होता.
जुने बूट काखेत, नवे करकरत,
घरापाशी उतार लागला.
मी घाई केली, मुद्दाम.